फ्रान्स घराण्यानं नॅस्कार विकलं तर?

शार्लटचा_पाहुणा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मोटारींच्या शर्यतीवर इथे धागा काढला की निम्मे प्रतिसाद "गोल गोल फिरण्यात कसली मजा" असे येतात, हे ठाऊक असूनही धाडस करतोय. ज्यांना मजा वाटत नाही त्यांनी शेजारच्या धाग्यावर चकल्या का हसतात ते वाचावं.

विषय असा. डिसेंबर २०२५ मध्ये आमच्या शार्लटच्या (नॉर्थ कॅरोलिना) फेडरल कोर्टात नॅस्कारवरचा, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेवरचा, मक्तेदारीचा खटला उभा राहिला आणि नवव्या दिवशी तडजोड होऊन मिटला. एका बाजूला बास्केटबॉलवाला मायकेल जॉर्डन आणि ड्रायव्हर डेनी हॅम्लिन यांचा ट्वेंटीथ्री-इलेव्हन संघ आणि बॉब जेंकिन्सचा फ्रंट रो संघ. दुसऱ्या बाजूला नॅस्कार, म्हणजेच तिचं मालक फ्रान्स घराणं. घराण्याचे प्रमुख, ८१ वर्षांचे जिम फ्रान्स साक्षीदाराच्या खुर्चीत बसले, जॉर्डनही बसला. शेवटी संघांना हवे होते ते कायमचे चार्टर मिळाले. (नवख्यांसाठी: चार्टर म्हणजे प्रत्येक शर्यतीत गाडी उतरवण्याचा हमखास परवाना. २०१६ पासून आहेत, एकूण ३६.) जानेवारीत कमिशनर स्टीव्ह फेल्प्स पायउतार झाले. खटल्याच्या निमित्तानं त्यांचे जे मेसेज बाहेर आले होते, त्यात रिचर्ड चिल्ड्रेससारख्या जुन्या संघमालकाबद्दल काय काय लिहिलं होतं ते इथे छापलं तर संपादक धागा उडवतील.

तेव्हापासून आमच्या शर्यतवाल्या ग्रुपवर एकच गुऱ्हाळ चालू आहे: आता घराणं विकून मोकळं होईल का? प्रश्न नवा नाही. मे २०१८ मध्ये रॉयटर्सनं बातमी दिली होती की घराणं मोठा हिस्सा विकायचं बघतंय, सल्ल्याला गोल्डमन सॅक्स आहे. विक्री झालीच नाही. उलट २०१९ मध्ये त्यांनी शेअर बाजारातली ट्रॅकवाली कंपनी इंटरनॅशनल स्पीडवे कॉर्पोरेशन सुमारे २ अब्ज डॉलरला घेऊन आपल्याच घरात आणली. म्हणजे डेटोना, टॅलाडेगा, डार्लिंग्टन, मार्टिन्सव्हिल सगळं पुन्हा एका छपराखाली.

माझं मत: विकू नये. कारण विचाराल तर हिशेबी नाही. मी १४ वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा पहिल्याच मे महिन्यात ऑफिसातला एक जण शार्लटच्या ट्रॅकवर कोका-कोला ६०० या शर्यतीला घेऊन गेला. म्हणाला, खाणंपिणं घरून आण. मला वाटलं चेष्टा करतोय. भारतात क्रिकेटच्या स्टेडियममध्ये पाण्याची बाटली गेटवर काढून घेतात हो! इथे आमच्या हिनं मेथीचे पराठे, दाण्याची चटणी आणि चार उकडलेली अंडी कूलरमध्ये भरून दिली आणि गेटवरच्या आजोबांनी आत डोकावून फक्त "वास छान येतोय" म्हटलं. शेजारच्या बाकावरचा माणूस तिसऱ्या तासाला पराठा मागून खात होता. ६०० मैलांची शर्यत, वेळ भरपूर असतो.

उद्या कुणी गुंतवणूक कंपनी मालक झाली की पहिला तो कूलर जाईल. एवढंच माझं म्हणणं आहे. तुमचं सांगा.

पुण्याचा_एफवनवाला

पराठ्यांवर कुणी खेळाचा मालक ठरवतं का? :)

लिबर्टी मीडियाला विका आणि मोकळे व्हा. जानेवारी २०१७ मध्ये या अमेरिकन कंपनीनं फॉर्म्युला वन घेतलं. त्याआधी, जुने सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टनच्या काळात, ड्रायव्हरला स्वतःचा पिटमधला व्हिडिओ टाकायलाही चोरी होती. आज माझी आत्या, जिला गिअर आणि क्लच यातला फरक कळत नाही, ती नेटफ्लिक्स बघून फेरारीच्या लेक्लेअरसाठी हळहळते. जुलै २०२५ मध्ये मोटारसायकलींचं मोटोजीपीसुद्धा लिबर्टीकडे गेलं. धंदा येतो त्यांच्या हातात द्यावा. ७५ वर्षं एकाच घरात चावी ठेवली की त्या घराला आपण राजे आहोत असं वाटायला लागतं.

पिटरोडवरचा

धागाकर्ते, एक दुरुस्ती. शार्लटचा ट्रॅक फ्रान्स घराण्याचा नाहीच. तो स्मिथांचा, स्पीडवे मोटरस्पोर्ट्सचा. ब्रूटन स्मिथ २०२२ मध्ये गेले, आता मुलगा मार्कस बघतो. तेव्हा तुमचा पराठा ज्यांनी आत सोडला ते दुसरंच घराणं.

शार्लटचा_पाहुणा

मान्य, घाईत लिहिलं. पण मग माझा मुद्दा अजून पक्का होतो ना! दोन्हीकडे घराणीच आहेत आणि दोन्हीकडे कूलर चालतो.

हिशेबनीस

एफवनवाले, तुमची तुलना इथे बसत नाही. लिबर्टीनं एफवनमध्ये घेतलं काय, तर धंद्याचे हक्क. नियम एफआयए या जागतिक मोटार संघटनेचे, ट्रॅक ज्याचे त्याचे. चौकीदार वेगळा, भाडेकरू वेगळा, जमीनदार वेगळा. नॅस्कारमध्ये तिन्ही एकच. नियमांचं पुस्तक त्यांचं, वेळापत्रक त्यांचं, वर्षभरातले निम्म्याच्या आसपास ट्रॅक त्यांचे आणि २०२२ ला नेक्स्ट जेन गाडी आल्यापासून कुठला सुटा भाग कुणाकडून घ्यायचा तेही तेच ठरवतात. खटल्यात संघांची तक्रार नेमकी हीच होती.

जुनी वाटणी बघा. टीव्हीच्या पैशातले ६५ टक्के ट्रॅकना, २५ टक्के संघांना, १० टक्के नॅस्कारला. वाचायला वाटतं, अरे वा, नॅस्कार बिचारं दहातच भागवतंय. आता ट्रॅक कुणाचे ते आठवा. शेतमालक म्हणतो मी फक्त दलाली घेतो, आणि बैल, विहीर, गोठा सगळ्याचं भाडं वेगळं लावतो, तशातली गत.

२०२५ पासूनचा टीव्हीचा करार ७ वर्षांचा आणि ७.७ अब्ज डॉलरचा आहे. नव्या चार्टर करारात संघांचा वाटा बराच वाढला, आता चार्टरही कायमचे झाले. त्यामुळे घेणाऱ्याला सगळी मलई मिळणार नाही, पण जे मिळेल ते कोर्टकज्जाविना मिळेल. म्हणून मला वाटतं की विकायची असेल तर वेळ हीच. विकावं की नाही ते मला विचारू नका, मी नुसते आकडे मांडतो.

उजवं_वळण

आकडे मांडता मांडता बैल, विहीर, गोठा! हिशेबनीस, तुम्ही नगरचे का?

हिशेबनीस

श्रीगोंदा.

इनलँड_एम्पायरवाली

मी कॅलिफोर्नियात फोंटानापासून पंधरा मिनिटांवर राहते, म्हणून लिहिते.

आमच्याकडे ऑटो क्लब स्पीडवे होता. दोन मैलांचा रुंद, लंबगोल ट्रॅक, मागे सॅन गॅब्रिएलचे डोंगर, फेब्रुवारीत त्यांच्यावर बर्फ. नवरा शर्यतीला जायचा आणि मी डोंगर बघायला, असं आमचं ठरलेलं. फेब्रुवारी २०२३ ला शेवटची शर्यत झाली. तेव्हा सांगितलं होतं की इथे छोटा, अर्ध्या मैलाचा ट्रॅक बांधणार. त्याच वर्षी बहुतेक जमीन ५० कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकली. ग्रँडस्टँड पाडताना आम्ही बाहेरच्या रस्त्यावरून बघत होतो. या भागात जमीन म्हणजे गोदामं. ॲमेझॉनचे ट्रक रात्रंदिवस चालू असतात.

हे कुठल्या गुंतवणूक कंपनीनं नाही केलं. ट्रॅक नॅस्कारचा होता, म्हणजे याच घराण्याचा. तेव्हा घरचा मालक म्हणजे मायेचा आणि बाहेरचा म्हणजे कसाई, असं निदान मला सांगू नका.

छोटा ट्रॅक अजून बांधलेला नाही.

नानांची_ॲम्बी

इनलँडताई, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प बसलो होतो. पण "माया" हा शब्द निघालाच आहे तर जुनं थोडं सांगतो. मुलाकडे ओहायोला आलो की मी हेच वाचत बसतो, सून म्हणते बाबा नातवापेक्षा जुन्या काळच्या रिचर्ड पेटी ड्रायव्हरला जास्त ओळखतात.

थोरले बिल फ्रान्स यांनी डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीचवरच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात बैठक बोलावली. तेव्हा स्थिती अशी की गावोगावचे आयोजक शर्यत संपायच्या आत गल्ला घेऊन पसार व्हायचे. ड्रायव्हर बक्षिसासाठी शोधत फिरायचे. फेब्रुवारी १९४८ मध्ये नॅस्कारची नोंदणी झाली आणि निदान बक्षीस मिळेल एवढा भरवसा आला. हे श्रेय त्यांचं, ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

पण १९६१ मध्ये कर्टिस टर्नर आणि टिम फ्लॉक यांनी ड्रायव्हरांची युनियन काढायचा घाट घातला तर दोघांना जन्माची बंदी! गंमत म्हणजे याच टर्नरनं ब्रूटन स्मिथबरोबर शार्लटचा ट्रॅक बांधला होता. तो कर्जात बुडाला, कर्जासाठी तो ट्रकचालकांच्या टीमस्टर्स युनियनकडे गेला, आणि युनियन म्हणाली पैसे देतो, ड्रायव्हर आणून दे. धागाकर्त्यांनी पराठा खाल्ला त्या बाकाखाली हा इतिहास आहे. टर्नरची बंदी १९६५ ला उठली.

पुढे १९६९, नवाकोरा टॅलाडेगा. गाड्या ताशी २०० मैलांच्या घरात, टायर टिकेनात. रिचर्ड पेटीच्या पुढाकारानं मोठे ड्रायव्हर सामान बांधून घरी निघाले. बिल फ्रान्सनं काय केलं? जे उरले ते आणि खालच्या वर्गातल्या गाड्या उभ्या करून शर्यत घेतली. रिचर्ड ब्रिकहाउस नावाचा पोरगा जिंकला. मुख्य मालिकेत त्याची ती एकच जीत.

तेव्हा २०२५ च्या खटल्यात नवं काही नव्हतं. नवं एवढंच की या वेळी समोरच्याकडे वकिलाला द्यायला पैसे होते.

पुण्याचा_एफवनवाला

नाना, शेवटच्या वाक्याला सलाम. म्हणजे तुम्हीही विका म्हणताय?

नानांची_ॲम्बी

छे छे. मी कुठे तसं म्हटलं? आमच्या वाड्याच्या मालकाशी वडील ३० वर्षं भांडले. बिल्डरनं वाडा घेतला त्या दिवशी जेवले नाहीत.

सातारकर_इन_टेक्सास

वाडा आणि बिल्डर निघालेच आहेत तर नॉर्थ विल्क्सबरो आठवा, कारण ती गोष्ट आमच्या टेक्सासशी जोडलेली आहे आणि मला तिची थोडी लाज वाटते.

नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात पाऊण मैलाहून लहान ट्रॅक. एका बाजूला उतार, एका बाजूला चढ. हातभट्टीची दारू पोलिसांना चकवून पोचवणारे ज्युनियर जॉन्सनसारखे ड्रायव्हर याच मुलखातले. तर नव्वदच्या दशकात ट्रॅकच्या मालकीचा एक हिस्सा ब्रूटन स्मिथनं घेतला, दुसरा न्यू हॅम्पशायरच्या बॉब बाहरेनं. ट्रॅक कुणालाच नको होता! हव्या होत्या वेळापत्रकातल्या दोन तारखा. एक तारीख आली टेक्सासला, दुसरी गेली न्यू हॅम्पशायरला. २९ सप्टेंबर १९९६ ला जेफ गॉर्डन जिंकला आणि फाटकाला कुलूप लागलं. गिऱ्हाइकानं गाय बाजारातून नेली नाही, नुसतं दावं सोडून नेलं.

पुढची पंचवीसेक वर्षं बाकांमधून झाडं उगवली. मग सरकारी मदत आली, लोकांचा लाडका माजी ड्रायव्हर डेल अर्नहार्ट ज्युनियरनं आवाज उठवला, मार्कस स्मिथनं मनावर घेतलं, आणि २०२३ ला तिथे ऑल-स्टार शर्यत (गुण नसलेली, प्रदर्शनी) झाली. बापानं लावलेलं कुलूप मुलानं काढलं. आता जुलै २०२६ मध्ये तिथे पॉइंट्सची, म्हणजे अजिंक्यपदासाठी मोजली जाणारी, शर्यत आहे. १९९६ नंतर पहिलीच.

माझं म्हणणं, विकत घेणारा काय विकत घेतोय ते बघा. खेळ घेतोय, जमीन घेतोय की नुसती तारीख?

हिशेबनीस

+१. याला म्हणतात प्रतिसाद.

उजवं_वळण

पण उलटं उदाहरणही आहे. मार्टिन्सव्हिल. १९४७ ला क्ले अर्ल्सनं बांधलेला, घरचाच ट्रॅक. २००४ मध्ये फ्रान्सांच्या कंपनीला विकला. लोक म्हणाले संपलं. संपलं का? नातू क्ले कॅम्पबेल त्याच खुर्चीत राहिला, जिंकणाऱ्याला उभं लाकडी घड्याळ मिळतंच, आणि ते लालभडक हॉटडॉग वर्षानुवर्षं २ डॉलरलाच विकलं गेलं. मध्ये फक्त हॉटडॉगचा पुरवठादार बदलला तर एवढा आरडाओरडा झाला की जुना परत आणावा लागला! खेळाचा मालक कोण हे लोकांना चालतं, सॉसेजचा कोण ते चालत नाही.

चहा_आणि_चेकर्ड

अवांतर: मार्टिन्सव्हिलवरून आठवलं. २०१० मध्ये आपला नारायण कार्तिकेयन नॅस्कारच्या ट्रक सिरीजमध्ये (पिकअप ट्रकांची खालची मालिका) तिथेच पहिल्यांदा उतरला होता. वर्षाअखेरीस "सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर" हा किताब त्यालाच! मत ऑनलाइन होतं. मी तेव्हा हिंजवडीत होतो आणि आमच्या अख्ख्या मजल्यानं, ज्यातल्या कुणीही एक लॅप पाहिला नव्हता, मतं टाकली होती. अमेरिकन मंडळी चक्रावली असणार.

त्यामुळे मालकी भारतीयांना द्यायची झाली तर आम्ही तयार आहोत.

उजवं_वळण

ठ्ठो! मग चीअरलीडर, दोन शर्यतींच्या मधे लेझर शो, आणि तासाला एक "स्ट्रॅटेजिक टाइमआउट".

चहा_आणि_चेकर्ड

हसू नका. २०१७ पासून शर्यतीचे टप्पे पाडून मधे पिवळा झेंडा दाखवतातच की. टाइमआउट यांनी आधीच आणलाय, नाव वेगळं.

पिटरोडवरचा

विनोद पुरे, नावं घ्या. कोण घेऊ शकतं?

रॉजर पेन्स्के म्हणणारे बरेच आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी हलमन-जॉर्ज घराण्याकडून इंडियानापोलिसचा ट्रॅक आणि इंडीकार ही शर्यतींची मालिका, दोन्ही घ्यायचा सौदा केला. ते घराणं १९४५ पासून होतं, म्हणजे फ्रान्सांपेक्षाही जुनं. लोकांना रडू कोसळेल असं वाटलं होतं, पण त्यांनी स्वच्छतागृहं सुधारली, रंग काढला, गवत कापलं, आणि लोक खूश. कुठल्याही ट्रॅकवर गेलेल्या माणसाला विचारा, स्वच्छतागृह हा मालकी हक्काचा मूळ मुद्दा आहे.

अडचण अशी की पेन्स्केंचा स्वतःचा संघही त्याच शर्यतीत धावतो. मे २०२५ ला इंडी ५०० च्या पात्रता फेरीत त्यांच्याच दोन गाड्यांवर बेकायदा बदललेला भाग सापडला. गाड्या शेवटच्या रांगेत गेल्या, तीन बड्या अधिकाऱ्यांना काढावं लागलं. त्यांनी मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही. पण पंच, ट्रॅक आणि एक संघ एकाच खिशात असला की कुणीही बोट दाखवणार. नॅस्कारमध्येही त्यांचा संघ आहे, जोई लोगानो २०२४ चा विजेता. शिवाय वय ऐंशीच्या पुढे.

आणि हो इनलँडताई, फोंटानाचा ट्रॅक १९९७ ला बांधला कुणी? पेन्स्केंनीच. दोन वर्षांनी विकून मोकळे.

इनलँड_एम्पायरवाली

माहीत आहे. जुन्या कायझर स्टीलच्या कारखान्याच्या जागेवर. आधी पोलाद, मग शर्यत, आता खोकी.

हिशेबनीस

फॉक्सला विसरू नका. जुलै २०२५ मध्ये त्यांनी पेन्स्के एंटरटेनमेंटचा (इंडीकारची मालक कंपनी) एक तृतीयांश हिस्सा घेतला. टीव्हीवालाच मालक झाला की शर्यत कधी सुरू होणार हे जाहिरातवाला ठरवणार. तसं आजही तोच ठरवतो म्हणा.

बाहेरचा पैसा संघांत तर कधीच आलाय. बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा मालक फेनवे ग्रुप २००७ पासून रौशच्या संघाबरोबर, २०२३ मध्ये जोश हॅरिस आणि डेव्हिड ब्लिट्झर या गुंतवणूकदारांनी जो गिब्ज रेसिंग या संघात हिस्सा घेतला. आकाश कोसळलं नाही. पण संघ घेणं आणि नियमांचं पुस्तक घेणं यात फरक आहे.

सातारकर_इन_टेक्सास

आणि जॉर्डन? पोरगा विलमिंग्टनचा, लहानपणी घरच्यांबरोबर शर्यतींना जायचा. शार्लटच्या हॉर्नेट्स या बास्केटबॉल संघातला मोठा हिस्सा २०२३ मध्ये विकलाय, खिसा जड आहे.

पिटरोडवरचा

ज्यानं मक्तेदारीविरुद्ध खटला भरला त्यालाच मक्ता द्यायचा? सासूविरुद्ध भांडून वेगळी झालेली सून पुढे कशी सासू होते ते आपण घरोघरी बघतो.

इनलँड_एम्पायरवाली

सुनांना मधे आणू नका, धागा भरकटेल.

संपादक

भरकटायच्या आधीच सांगतो. सासू-सून यासाठी स्वतंत्र विभाग आहे.

नानांची_ॲम्बी

एक राहिलं. धागाकर्त्यांनी जिम फ्रान्सचं वय सांगितलं, पण चौथी पिढी आहे. लिसा फ्रान्स केनेडींचा मुलगा बेन केनेडी. हा पोरगा स्वतः ट्रक सिरीजमध्ये धावलाय, ब्रिस्टलला जिंकलाय. शिकागोच्या रस्त्यावरची शर्यत, २०२६ ची सॅन डिएगोच्या नौदल तळावरची, यात त्याचा हात आहे. मला त्या रस्त्यांवरच्या शर्यती आवडत नाहीत, पण हातात स्टिअरिंग धरलेला मालक या घराण्यात बऱ्याच वर्षांनी येतोय. जिमच्या आधीचे प्रमुख ब्रायन फ्रान्सच्या काळात ट्रॅकवर मालक दिसायचाच नाही. २०१८ ला त्याला दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तेव्हा लोक म्हणाले, चला, निदान गाडी तरी चालवली.

पुण्याचा_एफवनवाला

नाना, तुम्ही या वयात असे षटकार मारता!

बरं, माझं मत थोडं बदललं. लिबर्टीनं हक्क घ्यावेत, नियमांचं पुस्तक वेगळ्या संस्थेकडे जावं आणि ट्रॅक... ट्रॅकचं काय करायचं ते खरंच कळत नाही. फोंटानाचं वाचून झोप उडाली.

शार्लटचा_पाहुणा

एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती, सर्वांचे आभार.

मी "विकू नये" म्हणून सुरुवात केली होती. फोंटाना आणि विल्क्सबरो वाचून लक्षात आलं की मला घराण्याबद्दल काही वाटत नाही, मला त्या बाकाबद्दल वाटतं. विक्रीच्या कागदावर "पुढची इतकी वर्षं ट्रॅक पाडणार नाही" अशी अट घालणारा कुणी मालक असेल तर मी त्याच्या बाजूनं, मग आडनाव काहीही असो. हिशेबनीस, अशी अट घालता येते का हो?

हिशेबनीस

घालता येते. किंमत पडते. म्हणून कुणी घालत नाही.

शार्लटचा_पाहुणा

बरं. कामाचं बोलू. जुलैत विल्क्सबरोला कोण कोण येतंय? शार्लटहून दीडेक तासाचा रस्ता आहे, माझ्या गाडीत तीन जागा आहेत. सातारकर, तुम्ही टेक्सासची भरपाई म्हणून आलंच पाहिजे.

सातारकर_इन_टेक्सास

विमानाचं तिकीट बघतो. ठेचा माझ्याकडून.

नानांची_ॲम्बी

मी तेव्हा ओहायोतच आहे. मुलाला विचारून सांगतो. त्याला सांगू नका, पण मी येतोय.

इनलँड_एम्पायरवाली

आम्हाला जमणार नाही. कुणीतरी डोंगरांचे फोटो टाका.

पिटरोडवरचा

कूलर मऊ लागतो, १४ इंची. मागच्या वेळी एकानं कडक आणला आणि अख्खी बटाट्याची भाजी गेटवर उभ्यानं संपवावी लागली. मोजून आणा.